विश्वासू माणसं

"आपल्या लेकीच्या वाटेला इंटरनेटवर कोणी जाऊन तर दाखवावं!" कॅमेरेवाल्याने बायकोला ठणकावून सांगितलं. दुकानं, गोदामं, जिने, सगळीकडे कॅमेरे बसवणं हाच त्याचा धंदा. एका कॅमेऱ्याने भागतं हे त्याला कधी पटलंच नव्हतं! त्यामुळे बारा वर्षांच्या लेकीच्या फोनमध्ये पाळतीचं ॲप टाकताना 'सूचना कोणाला पाठवू? विश्वासू व्यक्ती निवडा' असं आलं, तेव्हा त्याने नातेवाइकांचा अख्खा ग्रुपच निवडला.

"सगळे?" बायको म्हणाली.

"घरचेच आहेत ना! खातायत की काय तिला?"

*सूचना. मुलीने शोधलं: हसताना दात कसे लपवायचे.*

आत्या: अगं बाई! हे दात आमच्याकडचे नाहीत हं.

मामा: मग काय आमच्याकडचे?

मावशी: अंगठा चोखायची तेव्हाच सांगितलं होतं मी.

*सूचना. मुलीने शोधलं: मैत्रिणी डबा खाताना बाजूला बसवतात, काय करावं.*

मामा: दातांमुळेच.

झालं! दोन घराण्यांची दातांवरून जुंपली. आत्या ग्रुप सोडून गेली, काकांनी तिला ओढून परत आणलं, तर मामा रुसून निघून गेला. कॅमेरेवाला तेव्हा शिडीवर, एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात फोन.

"बंद करा ते आधी!" पलीकडून बायको ओरडली.

"पासवर्ड आठवत नाहीये!"

पासवर्ड असा कडक ठेवला होता की धन्यालाही दाद देईना.

*सूचना. मुलीने शोधलं: ऑनलाइन ओळख झालेल्या दादाने फोटो मागितला, आईबाबांना कसं सांगायचं.*

मग धरणच फुटलं!

कसला फोटो? दिला का? कपडे कसले घालते ही? आमच्या मुलांना असलं काही माहीतच नाही! मामा खास हे बोलायला परत आला. आजोबांनी जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला.

कसं सांगायचं, ते मात्र कोणीच सांगितलं नाही.

आणि ग्रुपमधल्याच एका चुलतबहिणीने हा सगळा संवाद, वरपासून खालपर्यंत, लेकीला पाठवून दिला.

कॅमेरेवाला धापा टाकत घरी आला. लेकीचा फोन टेबलावर पडलेला. त्याने उघडून पाहिला, तर सगळं पुसलेलं.

"बाळा, कोण आहे तो दादा?"

"कोण दादा?"

"तू शोधलंस ना..."

"शाळेचा प्रकल्प होता."

"मला सांग. मी रागावणार नाही."

"तुम्हाला एकट्याला सांगू," तिने विचारलं, "की सगळ्यांना?"

त्याने घाईने आपला फोन काढून ॲपचा पासवर्ड टाकून पाहिला. चुकला. तोवर ती खोलीत गेली होती, आणि आतून कडी लागली होती.

*मासिक अहवाल. अभिनंदन! आपल्या पाल्याने या महिन्यात काहीही शोधलेले नाही. आपला पाल्य पूर्णपणे सुरक्षित आहे.*

काका: वा, फारच छान! आमच्या धाकट्याच्या फोनमध्येही टाकून देशील का रे?