मात्रासाहेबांचा अपघात

बारकी सैन्यात जाणार हे ठरले आणि घरातले फर्निचर जखमी व्हायला लागले. जेवणाच्या टेबलाचा एक पाय वरपासून खालपर्यंत बँडेजमध्ये गेला. दोन खुर्च्यांच्या पाठी मोडल्या आहेत असे समजून त्यांना फळ्या बांधल्या गेल्या. मात्रासाहेब संध्याकाळी छापखान्यातून दमून आले की बसायला धडधाकट खुर्ची शोधत. ती सापडली तरी पाच मिनिटांत त्यांचाच उजवा हात झोळीत जाई आणि घरी आणलेली मुद्रिते त्यांना डाव्या हाताने तपासावी लागत.

मात्रासाहेब हे नाव छापखान्याने दिलेले. सव्वीस वर्षे ते तिथे मुद्रितशोधक होते आणि एखादा काना किंवा मात्रा त्यांच्या नजरेतून निसटली असे क्वचितच घडे. मुलीला मात्र बारकी हे नाव दवाखान्यातल्या नर्सने दिले होते, कारण जन्मली तेव्हा ती दोन किलोचीही नव्हती. आता ती वडिलांपेक्षा वीतभर उंच होती आणि जखमी सैनिक उचलण्याचा सराव म्हणून रोज त्यांना खांद्यावर टाकून दोन जिने चढत होती.

"बाबा, कठडा सोडा," ती अधूनमधून सांगे. "बेशुद्ध माणूस कठडा धरत नाही."

रविवारी सकाळी सातला तिला निघायचे होते. आधी दहा आठवडे छावणीतली कवायत आणि मग सैन्यातल्या मेडिकचे शिक्षण. म्हणजे गोळी लागलेल्याचे रक्त थांबवायचे, तुटलेले हाड बांधायचे, आणि हे सगळे आजूबाजूला धडाधड आवाज होत असताना. सैन्याकडून आलेल्या पत्रातली ही यादी मात्रासाहेब रोज रात्री उठून पुन्हा वाचत. पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या सापडूनही त्यांना बरे वाटले नाही.

गोष्ट अशी होती की मात्रासाहेबांना रक्त बघवत नसे. दाढी करताना कापले तर ते डोळे मिटून कापूस लावत. बारकीच्या जन्माच्या वेळी ते दवाखान्याच्या व्हरांड्यात आडवे झाले आणि बाळंतिणीच्या आधी खाट त्यांना मिळाली; ही हकीकत बारकीची आई अजून प्रत्येक पाहुण्याला सांगे. बारकीचे सातवीत असताना पेन्सिलीला टोक काढताना बोट कापले, तेव्हा तीही भिंतीसारखी पांढरी पडून मटकन खाली बसली होती. पोरगी आपल्यावर गेली आहे, याबद्दल मात्रासाहेबांना तेव्हापासून शंका उरली नव्हती.

"तिला एकदा सांगून बघू का?" सोमवारी त्यांनी पत्नीला विचारले.

"काय सांगणार?"

"की तिथे खरं रक्त असतं म्हणून."

"मग तिला काय वाटतंय, सरबत असतं?" बारकीची आई इस्त्री करता करता म्हणाली. "उगाच घाबरवू नका तिला. आधीच चार दिवस धड बोलत नाहीये पोरगी."

तेही खरे होते. बारकी घास हातात धरून खिडकीबाहेर बघत बसे आणि हाक मारली की दचके. मात्रासाहेबांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला आणि त्यांचा घोर आणखी वाढला.

बुधवारी त्यांना युक्ती सुचली. छावणीत शंभर जणांसमोर घेरी येऊन फजिती होण्यापेक्षा घरच्या घरी काय ते कळलेले बरे, असे कारण त्यांनी स्वतःला दिले. कारण चांगले होते. त्याच्यामागे आणखी एक विचार दबा धरून बसला होता, की घेरी आलीच तर पोरगी घरी राहील; पण त्याच्याकडे त्यांनी वळून पाहिले नाही. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका पटापट दिसणाऱ्या माणसाला स्वतःचा मजकूर वाचताना नेहमीच अडचण येते.

गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. बारकीची आई शाळेच्या कचेरीतून पाचला येई. बारकी तीनला धावायला जाई आणि ठीक चारला परत येई. चारला दहा कमी असताना मात्रासाहेब छापखान्यातली लाल शाईची बाटली घेऊन जिना उतरून खाली आले. आजूबाजूला कोणी नव्हते. कपाळावर दोन थेंब, गुडघ्यावर थोडी, असा त्यांचा बेत होता. पण बूच निघेना, आणि निघाले तेव्हा एकदम निघाले. कपाळ, कान, सदऱ्याची पूर्ण डावी बाजू आणि दोन पायऱ्या लाल झाल्या. आता पुसायला वेळ नव्हता. रिकामी बाटली खिशात कोंबून ते शेवटच्या पायरीशी पालथे पडले. जिन्यावरून पडलेल्या माणसाचा कुठला पाय वाकडा होतो हे त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी दोन्ही वाकडे केले.

फरशी गार होती. एक मिनिट गेले. मग पावले वाजली, पण ती रस्त्याकडून नव्हे, वरून.

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर रोपाच्या पानांवर पडलेले डाग तळमजल्यावरच्या काकूंना दाखवायला कुंडी घेऊन खाली येत होते. वळणावर ते थबकले.

"मात्रासाहेब?" ते हळूच म्हणाले.

आता काय करावे? उठून बसावे, तर बारकी कोणत्याही क्षणी येईल. गप्प राहावे, तर हे आरडाओरडा करतील. मात्रासाहेबांनी मधला मार्ग काढला. डोळे न उघडता, तोंड फरशीला चिकटवूनच ते खालच्या आवाजात म्हणाले, "पोस्टमास्तर, मला काही झालेलं नाही. तुम्ही वर जा."

रक्ताच्या थारोळ्यातल्या देहाने आपल्याला वर जायला सांगितले, एवढेच पोस्टमास्तरांच्या लक्षात आले. 'वर' याचा त्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे, पण त्यांचा पाय सटकला. चार पायऱ्या ते बसल्या बसल्या उतरले. कुंडी आधी पोचून फुटली होती, आणि तिच्या खापरीवर त्यांचा हात सर्रकन कापला गेला.

मात्रासाहेब ताडकन उठले. "लागलं का हो?" म्हणत ते धावले आणि पोस्टमास्तरांनी दाखवलेला हात त्यांनी पाहिला. शाई उगीच भडक असते, हा त्यांचा शेवटचा विचार. मग जिना एका बाजूला कलला, त्यांचे डोके कठड्यावर आपटले आणि ते जिथून उठले होते तिथेच परत आडवे झाले. या वेळी पाय अगदी बरोबर वाकले.

शुद्ध आली तेव्हा काकू दारात उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. "दोघं आहेत. एक म्हातारे आहेत, ते बोलतायत. दुसऱ्यांचं काही खरं दिसत नाही. लवकर या."

आणि त्यांच्यामागे बारकी उभी होती. घामाने चिंब, धावायच्या बुटांत, आणि चेहरा भिंतीसारखा पांढरा. 'आली घेरी,' मात्रासाहेबांच्या मनात आले. त्यासरशी त्यांना जे वाटले ते दुःख नव्हते, हे त्यांचे त्यांनाच कळले आणि ते मनातल्या मनात शरमले.

बारकीला घेरी आली नाही. ती त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. दोन बोटे त्यांच्या मानेवर टेकवली, एक पापणी वर केली, खाली वाकून क्षणभर थांबली. मग उठली आणि त्यांना ओलांडून पलीकडे गेली.

"काकू, दोन टॉवेल द्या, स्वच्छ. फोन बंद करू नका." आवाज तिचा होता, पण मात्रासाहेबांना तो पटकन ओळखू आला नाही. "पोस्टमास्तरकाका, माझ्याकडे बघा. हाताकडे नाही, माझ्याकडे. बोटं हलवून दाखवा. छान."

"अगं, आधी तुझ्या वडिलांना बघ," पोस्टमास्तर कण्हत म्हणाले.

"त्यांना थांबता येईल," बारकी म्हणाली.

तिने टॉवेलची घडी जखमेवर दाबली आणि हात वर धरला. घडीतून रक्त तिच्या बोटांमध्ये आले. तिने दुसरी घडी वर ठेवून आणखी जोर दिला. मात्रासाहेबांनी एवढेच पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

रुग्णवाहिका आली. तिच्यातले दोघे उतरले आणि जिथे जास्त लाल होते तिथे गेले.

"हे नाहीत, ते आधी," बारकी म्हणाली.

"ताई, तुम्ही तसंच दाबून धरा," एकजण म्हणाला आणि त्याने मात्रासाहेबांच्या मानेला पट्टा घातला. दुसऱ्याने त्यांना स्ट्रेचरवर आवळले.

"अहो, ही शाई आहे," मात्रासाहेब म्हणाले.

"शाई का? बरं बरं. आज वार कोणता, काका?"

"गुरुवार. पण ही शाई आहे."

"वार बरोबर सांगतायत," पहिला दुसऱ्याला म्हणाला. "बाकी गोंधळ आहे. लिहून घे."

मात्रासाहेबांनी खिशातली बाटली काढून दाखवायचा प्रयत्न केला, पण हात बांधलेले होते. त्यांची ती धडपड पाहून झटके येतायत अशीही नोंद झाली. गाडीत पोस्टमास्तर बाकावर बसले. त्यांच्या हातावरची टॉवेलची घडी पाहून रुग्णवाहिकेतला एकजण बारकीला म्हणाला, "कुठल्या दवाखान्यात असता?"

"कुठल्याच नाही," बारकी म्हणाली.

दवाखान्यात नर्सने मात्रासाहेबांचे कपाळ पुसले. ओल्या कापसाने, मग साबणाने, मग स्पिरिटने. कपाळ गुलाबी झाले. डॉक्टरांनी दोनदा बघितले.

"जखम कुठे आहे?"

याच वेळी बारकीची आई आत आली. काकूंनी तिला 'बोलतायत तोवर ये' असा निरोप दिला होता. ती धापा टाकत होती, डोळे सुजले होते. तिने नवऱ्याकडे पाहिले, त्याच्या गुलाबी कपाळाकडे पाहिले, आणि उशाशी काढून ठेवलेली बाटली उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली.

"ही तुमच्या खिशात कशी?" तिने अगदी शांतपणे विचारले.

मात्रासाहेबांनी सगळे सांगितले. सांगताना त्यांना पहिल्यांदाच ते नीट ऐकू आले आणि वाक्यागणिक त्यांचा आवाज बारीक होत गेला. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे थोडे हलत होते.

"शाईचं सोडून द्या," अखेर ते वळून म्हणाले. "डोक्यामागचं टेंगूळ खरं आहे आणि चक्करही खरी होती. उद्यापर्यंत ठेवू, रक्त तपासू. ते दुसरे गृहस्थ टाके घालून घरी जातील."

म्हणजे ज्याला लागले होते तो घरी गेला आणि मात्रासाहेबांना खाट मिळाली. बारकीची आई काकूंना फोन करायला बाहेर गेली. जाताना ती फक्त एवढेच म्हणाली, "तुमच्याशी मी घरी बोलते."

बारकी स्टुलावर बसली होती.

"तुला कधी कळलं?" मात्रासाहेबांनी विचारले.

"वाकले तेव्हा. तुमच्या छापखान्याचा वास आला."

"रागावली नाहीस?"

"तेव्हा वेळ नव्हता." तिने नखांत सुकलेले रक्त कापसाने पुसले. मग म्हणाली, "बाबा, सकाळी मी पोस्टात गेले होते. पत्र रजिस्टर करायला. येत नाही असं कळवायचं होतं."

मात्रासाहेब उठून बसायला गेले, डोके ठणकले, परत पडले.

"रोज वाटायचं, खरं रक्त बघितलं की मी तुमच्यासारखी पडणार," बारकी म्हणाली. "टेबलाच्या पायाला बँडेज बांधून काय कळतं? आईला सांगायची हिंमत नव्हती. तुम्ही तर रोज खांद्यावर बसत होतात हौसेने."

"हौसेने नव्हे," मात्रासाहेब पुटपुटले. "मग, पत्र टाकलंस?"

"रांग मोठी होती. म्हटलं, धावून आले की पाण्याचा घोट घेऊन परत जाऊ, पाचपर्यंत खिडकी उघडी असते." तिने जॅकेटातून चुरगळलेला लिफाफा काढला आणि खाटेखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. "आता नको. हातावर एवढं रक्त आलं आणि मला फक्त टॉवेल पुरतील का याचीच काळजी पडली होती. पाय लटपटले, पण ते नंतर, गाडीत."

मात्रासाहेब छताकडे पाहत पडले. आज रजा न काढता ते नेहमीप्रमाणे छापखान्यात दुसऱ्यांचे काने-मात्रे बघत बसले असते, तर पाचच्या आत पत्र रवाना झाले असते आणि रविवारी सकाळी सातला पोरगी घरी गाढ झोपलेली असती. आपल्या हाताने, पुरी बाटली रिकामी करून, त्यांनी तिला पाठवले होते. यावर रडावे की काय करावे हे त्यांना समजेना. म्हणून त्यांनी तिचा हात धरला आणि सोडला नाही.

तेवढ्यात नर्स ट्रे घेऊन आली. मात्रासाहेबांनी सुई पाहिली आणि मान फिरवली.

"सिस्टर, मी बघू का?" बारकीने विचारले. "रविवारी जातेय मी, सैन्यात, मेडिकच्या ट्रेनिंगला."

"बघ की. सुई मी टोचते, तू हा पट्टा बांध. कोपराच्या वर, चार बोटं सोडून."

बारकीने वडिलांकडे पाहिले. मात्रासाहेबांचे ओठ सुकले होते, कपाळावर गुलाबी घाम आला होता. त्यांनी डोळे घट्ट मिटले, बाही वर केली आणि हात तिच्यासमोर सरळ केला.

"जरा आवळून बांध," ते म्हणाले. "तिथे सैल बांधलेलं कोणी चालवून घेणार नाही."