दगडसुद्धा रडला

आमच्या शहापुरात एक म्हैस गेली नऊ वर्षं रडते आहे. तिच्या शेजारी बेडूक रडतो, बेडकाच्या शेजारी खेकडा. सगळे बोटभर उंचीचे, पांगाऱ्याच्या मऊ लाकडातून तासलेले, आणि प्रत्येकाच्या डोळ्याखाली तांदळाच्या कणीएवढा एक थेंब. कोणी विचारलंच, "काशिनाथदादा, म्हैस कशाला रडते?" तर उत्तर ठरलेलं. "ड्यूटी हाय तिची."

काशिनाथदादा आमच्या हायस्कुलात शिपाई होते. मी तिथेच इंग्रजी शिकवतो. घंटेखालच्या स्टुलावर बसून, पेन्सिली तासायच्या सुरीने ते लाकूड तासायचे. एकदा लायब्ररीच्या रद्दीत त्यांना एक चित्रांचं इंग्रजी पुस्तक सापडलं. उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातल्या जुन्या देवांच्या गोष्टी होत्या त्यात.

"सर, हा एका डोळ्याचा बुवा कोण?"

मी म्हटलं, हा ओडिन, सगळ्या देवांचा मुख्य. शहाणपण मिळावं म्हणून याने एक डोळा देऊन टाकला. दादांनी हेडमास्तरांच्या केबिनकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आपल्याकडं दोन्ही शाबूत हायत."

झालं. शनिवारी शाळा सुटली की मी वाचून मराठीत सांगायचं आणि दादांनी कोरायचं, असा रिवाजच पडला. त्या देवांना त्यांनी सरळ आमच्या शाळेत भरती करून घेतलं. ओडिनचे दोन कावळे रोज जगभर फिरतात आणि संध्याकाळी साहेबाच्या कानात बातम्या सांगतात. "म्हंजे शिपाईच की!" दादा खूश. कावळ्यांच्या गळ्यात त्यांनी टपालाच्या पिशव्या कोरल्या. गडगडाटाच्या देवाचं नाव थोर. त्याच्या हातोड्याचा दांडा घडवतानाच आखूड राहिला, हे ऐकून तर त्यांना फार बरं वाटलं. "बघा, देवांच्यात पण माप चुकतं. मग आपल्या बाकड्यांचं काय घेऊन बसलाय?"

दादांच्या शेजारचे नाना दर गणपतीला अडून बसायचे. "काय रे काशिनाथ, कुठकुठले परदेशी देव करतोस, एक आमचा गणपती कर की!"

"नाय नाना. माझ्या बापानं धम्माची दीक्षा घेताना शपथ घेतली. ज्याला कोणी हात जोडतं तो देव माझ्या सुरीखाली येणार नाय."

"आन् हे कोण मग?"

"यांना आता कोणी विचारत नाय, बिचाऱ्यांना. आन् हे मरतात पण. मरणारा देव चालतो मला."

नाना डोकं खाजवत घरी जायचे.

हे सगळं मी कौतुकाने सांगतो आहे, आणि कौतुक खरंच आहे. पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. नऊ वर्षं ते मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

दादांची बायको आधीच गेलेली. एकुलती एक मुलगी सुजाता नर्सिंग शिकत होती. एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेली. सगळी वस्ती रडली. दादांच्या डोळ्यांतून टिपूस नाही. पाचव्या दिवशी ते कामावर आले, घंटा वेळेवर झाली. स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली, बाप आहे की कोण आहे? मी अबोल माणूस. आयुष्यात एकदाच माझ्या वाक्यावर सगळी स्टाफरूम हसली, ती त्या दिवशी. मी म्हणालो, "लाकूड तासता तासता माणूसच लाकूड झाला."

दादा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांनी प्रत्येकापुढे कप ठेवला. मला साखर कमी लागते, हे ते त्या दिवशीही विसरले नव्हते.

त्याच महिन्यात एका शनिवारी ते पुस्तक घेऊन आले. "सर, पुढं."

पुढची गोष्ट बाल्डरची होती. देवांचा लाडका मुलगा. बांडगुळाची एक काडी लागून मरतो. मेलेल्यांची राणी म्हणते, जगातली झाडून प्रत्येक वस्तू याच्यासाठी रडली तर याला परत सोडते. माणसं निरोप घेऊन धावतात. झाडं रडतात, दगड रडतात. मी पुढच्या ओळी आधी मनात वाचल्या. एका गुहेत एक म्हातारी बसलेली असते. ती एकटी रडत नाही. आणि मुलगा परत येत नाही.

मी वर पाहिलं. दादांची सुरी थांबली होती.

मी पुस्तक मिटलं. "सगळे रडले," म्हणालो. "मुलगा परत आला."

"सगळे? दगडसुद्धा?"

"दगडसुद्धा."

"बेडूक?"

"बेडूकही रडला."

"मग सगळ्यांची हजेरी घ्यायला पायजे," दादा म्हणाले.

आणि ते घेऊ लागले. बगळा, घोरपड, नाचणीचं कणीस, पाटा आणि वरवंटा. मुंगीच्या थेंबाला दोन दिवस लागले. रडका बैल जमेना म्हणून म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेला गेले आणि एकेका बैलाच्या डोळ्यांत बघत सुटले. शेवटी एक व्यापारी वैतागला. "ओ मामा, दात बघा! डोळे काय बघता, सोयरीक करायचीय काय?"

पुस्तक मी बाइंडिंगला दिलंय, असं सांगितलं होतं. ते माझ्या कपाटात होतं. दादा रिटायर झाले तरी भेटले की विचारायचे, "सर, बाइंडर त्या बर्फातच राहिला काय?" मी हसायचो. घरी येऊन जेवण जायचं नाही.

गेल्या महिन्यात मात्र ते गंभीरपणे म्हणाले, "सर, हजेरी भरत आली. एकदा पुस्तक आणा. कोण राहिलंय ते बघून घेऊ." दोन रविवार मी टाळले. तिसऱ्या रविवारी पुस्तक घेऊन दादांच्या घरी गेलो. फळीवर, खिडकीत, चुलीच्या कोनाड्यात, सगळीकडून ती रडकी मंडळी माझ्याकडे बघत होती.

"दादा, एक जणी राहिलीय," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. म्हातारी, मिटलेलं पुस्तक, कपाट. स्टाफरूममधलं वाक्यही.

"ते ऐकलं होतं मी," दादा म्हणाले. "म्हातारीचं वाचा."

मी वाचलं. लोक तिला रडायला सांगतात. ती म्हणते, माझ्याकडे कोरडेच अश्रू आहेत, तेच रडेन.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"म्हंजे रडली की ती," ते म्हणाले. "निरोप घेऊन आलेली माणसं बाहेर उभी. त्यांना काय दिसणार?"

"पण दादा, मुलगा नाही आला परत."

"गेलेलं येत नाय, सर. त्यात म्हातारीचा काय दोष?"

त्यांनी पांगाऱ्याचा एक तुकडा उचलला. "जरा सरळ बसा. म्हातारीला तोंड पायजे." मी सरळ बसलो. त्यांनी मान कलती करून माझ्याकडे पाहिलं, आणि सुरी खाली ठेवली.

"तुमी नाय चालणार. तुमच्या डोळ्यांत पाणी हाय."

मग उठून त्यांनी खिळ्यावरचा दाढीचा आरसा काढला, समोरच्या डब्याला टेकवून ठेवला, आणि त्यात बघत बघत तासायला सुरुवात केली.