सुंद्राबाईची नस

एका जंगलात, बाळांनो, एक गाढवीण राहत होती. जंगलात गाढवीण कुठून आली, असं मध्येच विचारायचं नाही. राबणारं कुणीतरी सगळीकडे लागतं. जंगल काय आभाळातून पडलंय?

तिचं नाव सुंद्राबाई. रोज ओढ्यावरून टेकडीवर पाणी न्यायचं, हे तिचं काम. पाठीवर दोन कॅन, एक डावीकडे, एक उजवीकडे. तिचा नवरा नारबा मागून रिकामा चालायचा. तो देखरेख करायचा. देखरेख मागूनच करावी लागते.

आता गाढवांची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. त्यांच्या भाषेत 'हो'साठी सतरा शब्द आहेत. 'नाही'साठी एकही नाही. नाही म्हणायचं असेल तर लाथ मारावी लागते. लाथेला मागचे दोन्ही पाय उचलावे लागतात, आणि ते उचलायला कंबर धड लागते.

सुंद्राबाईची कंबर सहा वर्षांपूर्वी धरली. तेव्हापासून तिला नाही म्हणता आलेलं नव्हतं.

नारबा सगळ्यांना सांगायचा, "आमची सुंद्री पूर्वी फार तापट होती. आता शहाणी झाली बघा."

कंबर दुखते म्हणून ती विव्हळली, की धाकटी जाऊ कोंडाबाई म्हणायची, "अक्का, मलाही दुखतं हो. पण मी बोलून दाखवत नाही." आणि हे ती दिवसातून चारदा बोलून दाखवायची.

एकदा जंगलात डॉक्टर साळिंदरबाई आल्या. शहरात शिकलेल्या. अंगावर सुयाच सुया, आणि सोबत एक यंत्र. सुंद्राबाई कुणालाही न विचारता त्यांच्याकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी कणा चाचपला. "सांधे झिजलेत. सांध्यापाशी एक बारीक नस असते. ती दुखण्याची बातमी मेंदूला पोचवते. सुई तिथवर न्यायची, रेडिओच्या लहरींनी टोक तापवायचं आणि ती नस जाळायची."

"रेडिओ? म्हणजे पाठीत गाणी लागतील?"

"गाणी नाही लागत. बातम्या बंद होतात."

"आणि सांधा?"

"सांधा झिजलेलाच राहणार. बोंब मारणारा तेवढा गप्प होतो. आणि कायमचा नाही हं. वर्षभरात नस पुन्हा वाढते. मग पुन्हा या."

सुंद्राबाईने खाली बघत हळूच विचारलं, "पायांतला जोर जाईल का?"

"नाही. पायांच्या नसा वेगळ्या. का हो?"

"सहजच हो. उगीच विचारलं."

डॉक्टरीणबाईंनी एक तक्ता दिला. "आज नुसतं बधिर करायचं औषध सोडते. ही चाचणी. हीच नस चोर आहे की दुसरी, ते कळायला हवं. आज जे एरवी दुखण्यामुळे जमत नाही ते सगळं करून बघा, आणि दर तासाला दहापैकी किती दुखतं ते लिहा. दहा म्हणजे सहन होणार नाही असं."

"मग सहा वर्षं सहन केलं ते किती धरायचं?"

डॉक्टरीणबाईंनी तक्ता पुन्हा आपल्याकडे ओढला. मग त्यांनीच आठ लिहिलं.

सुई बसली आणि तासाभरात सुंद्राबाईची कंबर लोण्यासारखी मऊ झाली. सहा वर्षांनी ती ताठ उभी राहिली. आता बघा हं, दुखण्यामुळे जमत नाही ते करा म्हटल्यावर तुम्ही काय केलं असतं? धुळीत लोळला असता. कुणाला तरी लाथ घातली असती. पण ती पडली घरच्या बाईची जात. तिने दोनाऐवजी सहा कॅन आणले, गोठा झाडला, कोंडाबाईचंही पाणी भरून दिलं. तक्त्यात लिहिलं : एक, एक, शून्य, एक.

संध्याकाळी औषध उतरलं. सकाळी कंबर पुन्हा धरली.

"दोनच कॅन?" नारबा ओरडला. "काल तर सहा आणलेस!"

"काल सुई होती हो."

"सुई काल होती आणि दुखणं आजच बरं आलं!"

कोंडाबाई म्हणाली, "मी म्हणतच होते. करायचं मनात असलं की सगळं जमतं अक्कांना."

बाळांनो, सहा वर्षं तिचं दुखणं कुणाला दिसलं नव्हतं. एक दिवस ते नव्हतं, तेवढं मात्र साऱ्या जंगलाला दिसलं.

प्रकरण पंचांकडे गेलं. पंच म्हणजे घोरपडराव. हे अकरा वर्षं एकाच दगडाला चिकटून होते, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं.

"मनाचे खेळ," घोरपडरावांनी निवाडा दिला. "खरं दुखणं सुट्टी घेत नाही. बाईने पहाटे उठून दीर्घ श्वास घ्यावा आणि चार कॅन आणावेत."

सुंद्राबाईला काहीतरी म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. तिने मागचा पाय वीतभर उचलला. कमरेतून कळ गेली आणि पाय खाली आला.

"बघा, पटलं तिला," नारबा म्हणाला.

ती रडत डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तक्ता पाहिला आणि खूश झाल्या. "सुई टोचली की गेलं, उतरली की आलं. नस सापडली म्हणायची! दुखणं खोटं असतं, तर औषध उतरायची वाट कशाला बघत बसलं असतं? पण आमचा नियम आहे. दोनदा पटलं तरच जाळायची."

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी सुंद्राबाई शहाणी झाली होती. खरी शहाणी, नारबाची नव्हे. ती करवंदीच्या जाळीमागे गेली आणि दिवसभर धुळीत लोळली. एक, शून्य, शून्य. घरी परतताना पार वाकून, लंगडत आली.

मग संमतीपत्राची वेळ आली. नारबा पुढे सरसावला. "सही मी करतो."

"पाठ कुणाची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तिची. पण ती माझी—"

"मग सही तिची."

नस जळली. पहिले पंधरा दिवस कंबर उलट जास्तच ठणकली. ते होणार, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. पण नारबाला केवढा आनंद! "सांगत होतो की नाही? गेलं ना सगळं फुकट?"

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सुंद्राबाई उठली. वाट बघत उभी राहिली. काहीच आलं नाही. कमरेकडून एकही बातमी नाही. ती कुणाला काही बोलली नाही. पण चाल लपते थोडीच?

ओढ्यावर नारबा हरखून म्हणाला, "वा! नुसत्या बधिर कमरेने सहा आणलेस. आता तर नस जाळलीय. आज आठ!" त्याने आठ कॅन भरले, तिच्या पाठीवर चढवले, आणि नेहमीप्रमाणे देखरेखीला मागे जाऊन उभा राहिला.

सुंद्राबाई 'नाही' म्हणाली.

सहा वर्षांचं साठलेलं होतं, त्यामुळे जरा मोठ्यांदा म्हणाली. आठही कॅन ओढ्यात गेले. नारबा करवंदीच्या जाळीत गेला.

"अगं मेलो! बरगडी गेली माझी!"

सुंद्राबाई शांतपणे जवळ आली. "दहापैकी किती?"

"दहा! अकरा!"

"सकाळी तर चांगले होतात. दुखणं आत्ताच बरं आलं?"

धावत आलेली कोंडाबाई तोंड उघडणार होती. सुंद्राबाई नुसती वळून पाठमोरी झाली. कोंडाबाईने तोंड मिटलं आणि आपले कॅन आपण उचलले. घोरपडरावांनीही त्या दिवशी अकरा वर्षांनी दगड बदलला.

आता टेकडीवर कॅन दोनच जातात. एक तिच्या पाठीवर, एक नारबाच्या. आणि तो पुढे चालतो.

पण खरी मजा पुढेच आहे. नस वर्षभरात वाढते, हे नारबाला कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तो रोज सकाळी तिच्याजवळ येतो, थोडा बाजूला उभा राहतो आणि मोठ्या आशेने विचारतो, "सुंद्रे, दुखतंय का गं जरा?"

सहा वर्षांत त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. जंगलातल्या बायका म्हणतात, नवरा असावा तर असा.

सुंद्राबाई म्हणते, "नाही." हल्ली तिला ते तोंडानेही म्हणता येतं. आणि डॉक्टरीणबाईंकडची पुढची तारीख तिने आत्ताच घेऊन ठेवलीय.

तात्पर्य : दुसऱ्याचं दुखणं खोटं आहे, असं खुशाल म्हणावं. फक्त ते बरं होऊ देऊ नये.