नेमाण्णा गुरुजी आणि तवकिलाच्या वड्या

नेमाण्णा गुरुजींबद्दल लिहा, असं मला पुष्कळांनी सुचवलं. मी दरवेळी विषय बदलला. गावात त्यांच्याविषयी आता एकच गोष्ट सांगतात, की ते पुढे पुढे ताठले, कुणाच्या घरी जेवेनासे झाले. ते खोटं आहे. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक आहे.

गुरुजींच्या लेखी जगात दोनच प्रकार होते: आजचं आणि पेशवेकालीन. रात्र उलटली की वस्तू पेशवेकालीन. बोटीनं मुंबईहून येणारं वर्तमानपत्र पेशवेकालीन, पाणी कालचं तर तेही पेशवेकालीन. एकदा आईनं आदल्या दिवशीची भाकरी पुढे केली, तर हात जोडून म्हणाले, "वहिनी, ही पेशव्यांना वाढा की!"

तीस सालच्या सुमाराला ते कोल्हापूरकडून घाट उतरून रत्नागिरीत आले. बाजारातल्या मोजक्या जैन घरांतल्या लहानथोरांना ते धर्म शिकवत आणि आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडच्या खोलीत एकटे राहत. दिवस मावळल्यावर जेवण नाही, गाळल्याशिवाय पाणी नाही, आणि जमिनीखाली वाढलेला कुठलाही कंद नाही. चालताना नजर पायाशी. मुंगी दिसली की जागच्या जागी थांबत. एकदा मागून मासळीची पाटी घेऊन येणारी बाई त्यांच्यावर आदळली.

"गुरुजी, मुंगीला वाट देता, मग आमी काय उडून जावं?"

संध्याकाळी गुरुजी तिच्या दारात क्षमा मागायला हजर! ती हसून हसून दमली. गुरुजी मात्र गंभीर. "रुसवा रात्रभर ठेवू नये, बाई. सकाळी तो पेशवेकालीन होतोय."

दुपारचं जेवण त्यांना आळीतलं कुणी ना कुणी घालत असे. चार माणसांत बसून जेवायची त्यांना भारी हौस. घासागणिक बोलत, घासागणिक हसत.

कचेरीतल्या मित्रांनी माझ्याशी पैज लावली: तुझ्या गुरुजींना कंद खाऊ घालून दाखव. आई तवकिलाच्या वड्या सुरेख करायची. तवकील म्हणजे कंदाचंच पीठ, पण नारळाच्या दुधात शिजवलेली ती पांढरी, लुसलुशीत वडी बघून ते कुणाला कळायचं! गुरुजींनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "तांदळाच्या आहेत." त्यांनी चार खाल्ल्या. "बंडोपंत, असलं ताजं खाणं आमच्या घाटावर नाही हो!"

दोन दिवसांनी आईच त्यांना कौतुकानं म्हणाली, "भावोजी, आवडल्या ना वड्या? आमच्या राजापूरच्या भावाकडचं तवकील. स्वतः कंद खणून काढतो हो."

"छान होत्या, वहिनी," गुरुजी एवढंच बोलले.

त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, ते माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"बंडोपंत, क्षमा करा. माझ्या नियमापायी तुमच्यावर खोटं बोलायची पाळी आली. आता मी हातानंच शिजवीन. पुन्हा कुणावर ती पाळी नको."

तेव्हाच मी पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "काहीतरीच काय! आईची चूक होतेय. तांदळाच्याच होत्या."

ते मान हलवून निघून गेले.

त्यांनी काही दिवस उपास केला. नंतर एकट्याची चूल पेटू लागली. लोक म्हणाले, ताठले. मी ऐकून घेतलं. गुरुजींनी माझं नाव कुठेही काढलं नाही.

जेवायला बसण्यापूर्वी अतिथीची वाट पाहायची, असा त्यांच्या धर्माचा रिवाज. रोज ताट वाढून गुरुजी दारात येत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहत. शेवटी आमच्या खिडकीकडे. मी भिंतीआड सरकायचो. मग ते जरा थांबून आत जात. आमच्या दोघांमधला रस्ता एका बैलगाडीच्या रुंदीचा होता.

पुढे आजारी पडले, तेव्हा त्यांचा भाऊ येऊन त्यांना घाटावर घेऊन गेला. ते तिकडेच वारले.

रस्ता ओलांडून बोलायचं ते वाक्य तसं एवढंसंच होतं. गुरुजी, त्या वड्या तवकिलाच्याच होत्या, मी जाणूनबुजून खोटं बोललो. आज तुमच्याकडे जेवायला येऊ का?