घाई नाही, पण लवकर सांगा

आमचे शेजारी देविदास इंगळे रोज सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर एक आवाज टाकतात. फोटो नाही, सुविचार नाही, गुलाबाचं फूल नाही. नुसता आवाज. चार-पाच सेकंदांची टकटक, खरखर किंवा घुर्रघुर्र, आणि खाली एकच ओळ: 'सांगा राजेहो, हे काय आहे? घाई नाही, पण लवकर सांगा.'

आमची बिल्डिंग बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून. ग्रुपचं नाव आहे 'सी विंग, फक्त कामाचे'. पाणी का गेलं, लिफ्ट कधी चालू होणार, एवढ्यासाठीच तो काढला होता. काकांनी पहिला आवाज टाकला तेव्हा सेक्रेटरी परबांनी त्यांना ग्रुपचं नाव नीट वाचायला सांगितलं. पण तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या सुषमाने लिहून टाकलं होतं, 'परब एका बोटाने नोटीस टाइप करतायत.' त्यावर सातव्या मजल्यावरच्या हितेश शहाने लिहिलं की ही त्याची बायको कोथिंबीर चिरतेय, सुरीचा हात तो झोपेतही ओळखतो. काकांनी हितेशला शाब्बासकी दिली आणि खेळ सुरू झाला. पुढे परबसुद्धा त्यात आले. एकदा पाण्याच्या पंपाची घरघर ऐकून सुषमाने 'परबांचं वार्षिक सभेतलं भाषण' असं लिहिलं, तर खुद्द परबांनी उत्तर दिलं, 'माझं भाषण इतक्या लवकर संपत नाही.'

काका मूळचे बुलढाण्याकडचे. उभा जन्म मुंबईत एका छापखान्यात गेला. मशीनच्या धडधडीत इतकी वर्षं उभे राहिल्यामुळे बोलताना ते अजूनही समोरच्याच्या कानाशी येतात आणि मग ओरडतात. बायको, पुष्पाकाकू, जाऊन आता बराच काळ झाला. मूलबाळ नाही. आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर एकटेच राहतात.

आणि घाबरतात. इंगळे काका ज्याला घाबरत नाहीत अशी वस्तू मला अजून सापडलेली नाही. लिफ्टमध्ये ते बसत नाहीत, कारण ती दोन मजल्यांच्या मधे 'विचार करायला थांबते'. अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचलतात, पण बोलत नाहीत. पलीकडचा माणूस घाबरून ठेवून देईपर्यंत नुसता श्वास घेत राहतात. बेल वाजवली की आतून विचारतात, कोण? मी नाव सांगते. मग विचारतात, नक्की? आता या प्रश्नाला माणसाने काय उत्तर द्यायचं? मी एकदा वैतागून म्हटलं, 'काका, आज तरी मीच आहे.' तर त्यांनी दार उघडायला आणखी वेळ लावला.

त्यांच्या खेळाचेही काही नियम होते, ते कोणाला धड कळले नव्हते. क्लू कधीच मिळायचा नाही. कोणी मागितलाच तर 'क्लू नाही. घाई नाही, पण लवकर सांगा.' एकदा त्यांनी टाकलेला घरघराट चक्क माझ्या मिक्सरचा होता. भांडं सैल झालं होतं, इडलीचं पीठ वाटताना सगळा ओटा थरथरायचा. मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसले. सुषमाने लिहिलं, 'खालून जाणारं विमान'. काकांचं लगेच उत्तर, 'शाब्बास! विमानच.' मला वाटलं, म्हातारा माणूस, सुषमाचं मन मोडवत नसेल.

एकदा हितेशने गंमत म्हणून उत्तर लिहिलं, 'भूत'. पुढच्या मिनिटाला ग्रुपवर दिसलं: इंगळे काका बाहेर पडले. परबांनी त्यांची समजूत काढून त्यांना परत घेतलं, आणि हितेशला ताकीद दिली की यापुढे उत्तर या जगातल्या वस्तूचंच हवं.

आणि एका सुट्टीच्या दिवशी सगळे कुठे कुठे गेले होते, काकांच्या आवाजावर कोणीच काही लिहिलं नाही, तर त्यांनी मला फोन केला. आज तुम्ही खेळला नाहीत, म्हणाले. मी लग्नाच्या पंगतीत होते. तिथेच कानाला फोन लावून तो आवाज ऐकला आणि सांगितलं, खिडकीची कडी वाऱ्याने हलतेय. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. 'शाब्बास,' म्हणाले, 'कडीच.' मी पुन्हा जिलेबीकडे वळले.

मागच्या थंडीतली गोष्ट. नुकतं उजाडत होतं. मी चहा ठेवला होता आणि फोन वाजला. काकांचा आवाज नेहमीपेक्षा फार लवकर आला होता. लावला. करवतीने जाड लाकूड कापावं तसा आवाज होता. खर्र-खर्र, खर्र-खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र-खर्र.

सुषमाने लिहिलं, 'चौथ्या मजल्यावर सुतार आलाय.' काका म्हणाले, 'शाब्बास.' तेवढ्यावर संपायला हवं होतं. पण थोड्या वेळाने त्यांनीच पुन्हा लिहिलं, 'सुतार नक्की ना? इतक्या सकाळी?' हितेशने विचारलं, हा परबांचा घोरण्याचा नवा प्रकार तर नाही? परबांनी हसरे चेहरे पाठवले.

मी हसत हसत तो आवाज पुन्हा लावला. माझ्या सासूबाई ओट्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. त्या कुडाळकडच्या, आयुष्यभर गावात राहिलेल्या, गुडघ्यांच्या इलाजासाठी आमच्याकडे आलेल्या. आवाज ऐकून त्यांचा हात थांबला.

'परत लाव गो,' त्या म्हणाल्या.

मी लावला.

'ह्यो सुतार नाय. वाघ आसा ह्यो. आमच्या गावाक गोठ्याच्या मागे असोच आवाज करी.'

गावाकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात हे मला माहीत होतं. मी ग्रुपवर लिहिलं, 'सासूबाई म्हणतात बिबट्या आहे.' सुषमाने हसून लोळणारे चेहरे टाकले. तोवर सासूबाई गुडघे धरत उठून मागच्या खिडकीशी गेल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली नाही, नुसता हात हलवून बोलावलं.

आमच्या मागच्या बाजूला बिल्डिंग आणि पार्कची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा आहे. तिथे पंपाची खोली, आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर प्राजक्ताचं झाड. पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर कोणीतरी गोणपाटांचा ढीग टाकलाय असं मला वाटलं. मग त्या ढिगाचा एक कान हलला.

खिडकीला जाळी होती, आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो, तरी मी मागे सरकले. तिथूनच एक फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग परबांचा मेसेज आला की कोणीही खाली उतरू नये, वनखात्याला फोन लावतोय. आणि त्याच्या मागोमाग हितेशचा: 'बा खाली गेली आहे.'

बा म्हणजे हितेशची आई. त्यांना ऐकू येत नाही. कानातलं मशीन त्यांना टोचतं म्हणून ते कपाटात असतं. फोनही वापरत नाहीत. रोज सकाळी पिशवी घेऊन देवासाठी प्राजक्ताची फुलं वेचायला जातात.

झाडाखाली पाहिलं तर बा होत्या. पांढरी साडी, पाठ पत्र्याकडे. वाकून एकेक फूल उचलत होत्या.

'वाकान बसलीहा,' सासूबाई पुटपुटल्या. 'वाकलेल्या माणसाक तो जनावर समाजता.'

खिडक्या उघडल्या. बा, बा, असं सगळे ओरडायला लागले. बा फुलं वेचत राहिल्या. बिबट्या मात्र ऐकत होता. तो पत्र्याला आणखी चिकटला, आणि त्याचं शेपूट हळूहळू डावी-उजवीकडे हलायला लागलं. कोणीतरी म्हणालं, ओरडू नका, बिथरेल. सगळे गप्प झाले. वॉचमनने केबिनचं दार लावून घेतलं होतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. हितेश जिन्याने धावत निघाला होता, पण सातव्या मजल्यावरून.

तेवढ्यात खालून कड्या काढल्याचा आवाज आला. आधी वरची, मग मधली, मग साखळी. इंगळे काकांचं दार.

ते बिल्डिंगच्या कोपऱ्यावरून आले तेव्हा बनियन आणि पायजमा अशा वेषात होते. एका हातात स्टीलचं ताट, दुसऱ्या हातात डाव. ताट बडवत, भिंतीला पाठ घासत ते पुढे सरकत होते. डोळे घट्ट मिटलेले. तोंडाने सारखं 'राजेहो, राजेहो' चाललं होतं. ते कोणाला उद्देशून होतं देव जाणे. पत्र्यावरचं जनावर उठून उभं राहिलं. ते केवढं आहे हे मला तेव्हा कळलं.

काकांनी डोळे किलकिले केले, बांना पाहिलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. बांनी मान वर केली. काकांनी हाताचे पंजे करून दाखवले, दात दाखवले. बांना वाटलं, हा मला वेडावतोय. त्यांनी गुजरातीत काकांची अशी काही हजेरी घेतली की एरवी मी पोट धरून हसले असते. काकांनी एकदा पत्र्याकडे पाहिलं. मग बांच्या हातातली फुलांची पिशवी हिसकावली आणि पळत सुटले.

देवाची फुलं चोरीला गेल्यावर बा थांबतात होय? सांधेदुखीचं गाऱ्हाणं रोज सांगणाऱ्या बा त्या चोराच्या मागे अशा धावल्या की काका बिल्डिंगच्या दाराशी पोचेपर्यंत त्यांनी काकांचं बनियन धरलं होतं. दोघं आत आली तोच हितेश पोचला आणि त्याने लोखंडी दार ओढून घेतलं. वरून आम्ही पाहिलं: बिबट्याने प्राजक्ताकडे बघितलं, आता तिथे कोणीच नव्हतं. तो पत्र्यावरून भिंतीवर आला आणि पलीकडच्या झाडीत उतरला. काहीच आवाज झाला नाही.

नंतर वनखात्याची माणसं आली, ठसे बघून गेली. ग्रुपवर तर जत्राच भरली. काकांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं, सुषमाने त्यांच्या हातातल्या डावाचा फोटो मागितला. काकांनी कशालाच उत्तर दिलं नाही. म्हणून ऊन वर आल्यावर मी थर्मासमधून चहा घेऊन खाली गेले. त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मी कप भरून त्यांच्या हातात दिला. तुम्ही फार धीराचे निघालात काका, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

'सुताराला मी शाब्बास म्हटलं होतं,' ते म्हणाले. नेहमीसारखं ओरडून नाही, अगदी हळू. 'बांना काही झालं असतं तर?'

'तुम्हाला तरी काय माहीत?'

'मले कधीच माहीत नसतं,' काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. एकाही आवाजाचं उत्तर त्यांना कधी ठाऊक नव्हतं. छापखान्यात होते तोवर कानात छपाईच्या मशीनची धडधडच असायची, दुसरं काही शिरायचंच नाही. नोकरी संपली आणि घरात बसल्यावर एकेक आवाज ऐकू यायला लागला. भिंतीतून, नळातून, छतातून. तेव्हा पुष्पाकाकू होत्या. काका विचारायचे, काय वाजलं गं? आणि काकू स्वयंपाकघरातूनच, मागे वळूनही न बघता काहीतरी सांगायच्या. पाइप असेल. मांजर असेल. वरच्यांचा पाट पडला असेल.

'तिलेही माहीत नसायचं,' काका म्हणाले. 'पण ती सांगायची, अन् मले पटायचं. ती गेल्यावर कोणाले विचारणार? रोज उठून लोकांना म्हणायचं का, मले भेव वाटते, हा कशाचा आवाज आहे ते सांगा? हसले असते सारे. म्हणून खेळ केला.'

मी विचारलं, इतकं भेव वाटतं तर मग खाली कसे गेलात?

'बांना ऐकूच येत नव्हतं ना,' ते म्हणाले. 'त्या आरामात फुलं वेचत होत्या. त्यांच्या वाटणीचं भेवही मलेच वाटत होतं. एवढं घेऊन घरात बसवेना.'

आम्ही चहा प्यायलो. कोपऱ्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती, तिच्याशेजारी काकूंचा फोटो. ते ताट आणि डाव कोणीतरी धुऊन ओट्यावर पालथं घातलं होतं, बहुधा काकांनीच.

तेवढ्यात आतल्या खोलीत कुठेतरी खट् झालं. बारीकसाच आवाज. काकांचा कप ओठांशी थांबला. त्यांनी फोनकडे हात नेला नाही. माझ्याकडे पाहिलं.

तो कसला आवाज होता मला खरंच माहीत नव्हतं. सकाळपासून माझीही छाती धडधडत होती, आणि त्या खोलीची खिडकी पंपाच्या बाजूलाच होती. मी वळून पाहिलं नाही.

'काही नाही, काका,' मी म्हटलं. 'ऊन लागलं की कपाटाची दारं वाजतात.'

त्यांनी मान डोलावली आणि कप ओठांना लावला.