साडेसहा फुटांचं स्थळ

"अबे, धर ना त्याले! धर! हात काय दाखवायले आणले काय?"

कॅनडात, कॅल्गरीतल्या युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये, नाकातलं पाणी नाकातच गोठेल अशा थंडीत, हे वाक्य ज्याला उद्देशून होतं तो खेळाडू सस्कॅचवनच्या एका गव्हाच्या शेतावर वाढलेला होता. मराठी भाषा जगात आहे हेही त्याला ठाऊक नसावं. तरीही वानखडे उत्तराची वाट पाहत क्षणभर थांबले आणि मग माझ्याकडे वळून हताशपणे म्हणाले, "ऐकूनच नाही राह्यला पोट्टा."

आमचे शेजारी सुधाकर वानखडे, मूळचे नागपूरचे, पेशाने पाइपलाइन इंजिनिअर. डोक्याला माकडटोपी, त्यावर जाडजूड जॅकेटची टोपी आणि जॅकेटवरून संघाची जर्सी, त्यामुळे ते स्टेडियममध्ये गादीच्या गुंडाळीसारखे दिसतात. हातात स्टीलची थाळी आणि चमचा. इथला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, पोरं चिलखतात, आणि चेंडूला पाय लागला तर लागला. चेंडू पुढे न्यायची पाळी समोरच्या संघाची असेल तेव्हा त्यांना एकमेकांचे इशारे ऐकू येऊ नयेत म्हणून प्रेक्षकांनी गोंगाट करायचा, आणि आपल्या संघाची पाळी असेल तेव्हा गप्प बसायचं, असा इथला रिवाज. वानखडे हा रिवाज सोवळ्यासारखा पाळतात. पहिल्या वेळी थाळी अशी बडवतात की पुढच्या रांगेतली माणसं कानात बोटं घालतात. दुसऱ्या वेळी कुणी खोकलं तरी "चूप बे!" म्हणून खेकसतात.

मी पुण्याचा. मला या खेळातलं ओ का ठो कळत नाही. पण वानखड्यांकडे दोन सीझन तिकिटं असतात आणि दुसऱ्या खुर्चीवर मी बसावं असा त्यांचा हुकूम. ती खुर्ची खरी निखिलची, म्हणजे त्यांच्या मुलाची. तो अठराव्या वर्षी अमेरिकेत शिकायला गेला आणि ह्यूस्टनलाच राहिला. मॅच संपली की परतीच्या सी-ट्रेनमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, वानखडे त्याला फोन लावणार आणि सगळ्या मॅचचा वृत्तांत देणार. किती सोशीक मुलगा, एका शब्दानेही अडवत नाही, असं मला कौतुक वाटायचं.

पुढे तेलाचे भाव कोसळले, आणि हे शहर तेलावरच चालणारं. आमच्या ऑफिसात मजलेच्या मजले रिकामे झाले. माझी नोकरी राहिली, वानखड्यांची गेली. गंमत म्हणजे शहरात जसजशी माणसं घरी बसू लागली तसतसा स्टेडियममधला राग वाढू लागला. कंपनीवर ओरडता येत नाही, कोचवर येतं. संघ त्या मोसमात सारखा हरत होता. आमचा कोच डग हा बिचारा सज्जन माणूस, पण लोकांना सज्जन नको होता, जिंकणारा हवा होता. "याले काढा!" ही घोषणा आमच्या स्टँडमध्ये सगळ्यात आधी दिली ती वानखड्यांनीच.

डगची अडचण साधी होती. चांगली पोरं मिळत नव्हती. जरा कुणी चमकला की अमेरिकेतली कॉलेजं त्याला उचलून नेत. उरलेल्यांवर देशातल्या सगळ्या युनिव्हर्सिट्यांच्या उड्या. हे कळल्यावर वानखड्यांचं डोकं निराळ्याच दिशेने चाललं.

"पुणेकर, ही भरती-बिरती काही नसते. हे स्थळ पाहणं होय. पोट्टा पाहायचा, घर पाहायचं, जेवू घालायचं. आपल्याले हे नाही येत तर कोणाले येते?"

आणि ते तडक डगकडे गेले. खेळाडू आईबापांसोबत युनिव्हर्सिटी बघायला येतात तेव्हा त्यांना एक वेळ घरी जेवायला घालीन, म्हणाले. आपल्याला काढा म्हणून ओरडणारा माणूस जेवणाचं आमंत्रण घेऊन आलेला बघून डग गांगरला आणि हो म्हणाला.

अशा रीतीने जानेवारीतल्या एका रविवारी वानखड्यांच्या घरी एतिएन आला. मॉन्ट्रियलजवळच्या ब्रॉसार्डचा, साडेसहा फूट उंच, दारातून आत येताना वाकला तो जेवण होईपर्यंत संकोचाने तसाच वाकून राहिला. सोबत त्याची आई, मादाम रोझलीन. वृद्धाश्रमात काम करणारी, नवरा नसलेली, मुलाकडे बघताना मान वर करावी लागणारी छोटीशी बाई. समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, लोळवणं हे एतिएनचं काम. असा पोरगा आम्हाला मिळाला तर डगची नोकरी वाचेल असं सगळं कॅल्गरी बोलत होतं. मॉन्ट्रियलच्या युनिव्हर्सिटीचाही त्याच्यावर डोळा होता.

वहिनींनी सावजी मटण केलं होतं. मी म्हटलं, "वहिनी, जरा सौम्य केलं असतंत."

"भाऊजी, हे सौम्यच आहे," वहिनी म्हणाल्या.

एतिएनने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पण पोरगा खानदानी. थांबला नाही. वानखडे वाढत राहिले, तो खात राहिला. "घरी कोण कोण असते? झोपतो किती वाजता? देवाधर्माचं काही?" असे प्रश्न वानखड्यांनी इंग्रजीत विचारले. शेवटी वहिनींनी घरी केलेल्या पेढ्यांचं ताट आलं आणि तोंडाची आग शमवायला एतिएनने ते जवळजवळ रिकामं केलं. निघताना वहिनींनी मादामच्या हाती नारळ आणि साडी ठेवली. ती बाई नारळ छातीशी धरून दारात उभी राहिली.

मोटार वळणाआड गेली तसे वानखडे टाळी वाजवून म्हणाले, "जमलं बे!"

"काय जमलं?"

"तोंडात पेढा पडला ना! आईच्या हाती नारळ गेला ना! अजून काय सुपारी फोडाव लागते काय?"

मला वाटलं, थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. संध्याकाळपर्यंत त्यांनी ही बातमी ओळखीतल्या सगळ्यांना सांगितली आणि चाहत्यांच्या ऑनलाइन ग्रुपवरही टाकली. लोक आनंदाने वेडे झाले. एतिएनच्याच जागेसाठी डगने आणखी दोन मुलं धरून ठेवली होती, एक रेजायनाचा, एक केलोनाचा. जागा भरली असं त्यांच्याही कानावर गेलं आणि त्याच आठवड्यात दोघांनी दुसरीकडे सह्या करून टाकल्या.

डग वानखड्यांच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मीही तिथे होतो. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला. "मिस्टर डब्ल्यू, त्या मुलाने कुठेही सही केलेली नाही."

"बट कोच, ही एट द स्वीट."

"सर, त्याने तुमचा अख्खा बोकड खाल्ला. तो होकार होत नाही."

वानखड्यांचा चेहरा उतरला. डगने पुढे सांगितलं की आता त्याच्याकडे दुसरा मुलगा नाही. एतिएन आला नाही तर वसंतात त्याची स्वतःची नोकरी जाईल. एतिएनची स्वतःची तयारी आहे, पण आई अडून बसली आहे. सोमवारी एतिएनने निर्णय कळवायचा आहे. आई म्हणते, मी त्या मिस्टर वानखड्यांशीच बोलेन, ज्यांनी जेवू घातलं त्यांच्याशी.

"तुम्ही तिला एवढंच सांगा की आम्ही इथे आहोत," डग म्हणाला.

शनिवारी दुपारी तिचा फोन यायचा होता. वानखड्यांनी मला सकाळपासूनच आणून बसवलं, कारण "पुणेकर बोलण्यात पक्का असते." स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन, त्याच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. वहिनी ओट्याशी उगाचच पुसलेली भांडी पुन्हा पुसत होत्या. ग्रुपवर दर थोड्या वेळाने कुणी ना कुणी विचारत होतं, सही झाली का. एकाने लिहिलं होतं की हे स्थळ मोडलं तर त्या थाळीवाल्याला स्टँडमध्ये पाय ठेवू देऊ नका. वानखड्यांनी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला. मग तो उलटा ठेवलेला वाजला तर ऐकू येणार नाही या भीतीने पुन्हा सुलटा केला. त्यांनी चहाला हात लावला नाही. पंचवीस वर्षं पाइपलाइनी टाकलेला माणूस, पण फोन चार्ज आहे ना, हे त्याचं तीनदा तपासून झालं.

फोन वाजला. मादामचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, वानखड्यांचं नागपुरी वळणाचं, तरी दोघांना एकमेकांचं व्यवस्थित कळत होतं. आधी तब्येती झाल्या, मग नारळाची चटणी कशी झाली ते झालं. मग वानखड्यांनी पाठ केलेलं सुरू केलं. शिक्षण उत्तम, इंजिनिअरिंग उत्तम, कोच देवमाणूस. "याले काढा" म्हणणाऱ्या तोंडून देवमाणूस ऐकून मला हसू आलं, पण मी ते गिळलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मस्यू वानखडे, मला फुटबॉल कळत नाही. मला एक सांगा. तुमचाही मुलगा अठराव्या वर्षी लांब गेला, असं मादाम वानखडे तेव्हा जेवताना म्हणाल्या. तो येतो का?"

वहिनींचा हात भांड्यावरच थांबला.

एका वाक्याचं काम होतं. येतो, दर ख्रिसमसला येतो, रोज बोलतो. डगची नोकरी, स्टँडमधली इज्जत, सगळं त्या एका वाक्यावर होतं. मी हाताने खूण केली, बोला, हो म्हणा. वानखड्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फोनकडे बघत बसले.

"मादाम," ते म्हणाले, "मीच पाठवला त्याले. जा म्हटलं, मोठा हो. झाला मोठा. मी फोन करतो मॅच झाली की. मशीन उचलते. मी मशीनले स्कोअर सांगतो."

माझ्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून त्या सोशीक मुलाचं कौतुक करत आलो होतो.

"तुमच्या घरून त्या मॉन्ट्रियलच्या कॉलेजले बस जाते काय?" वानखड्यांनी विचारलं.

"जाते. बस, मग मेट्रो."

"मग रात्री घरी जेवायले येईन तो. राहू द्या तिथंच. पोट्टा चांगला आहे, जवळ ठेवा."

फोन ठेवल्यावर वहिनींनी गार झालेला चहा ओतून दिला आणि नवीन ठेवला. "बरं केलं हो," एवढंच म्हणाल्या.

डगला सांगायला वानखडे स्वतः गेले. मी म्हटलं, फोनवर कळवा. म्हणाले, "स्थळ मोडलं तर घरी जाऊन सांगाव लागते." डगला युनिव्हर्सिटीने कसंबसं आणखी एक वर्ष दिलं, पण त्याने वानखड्यांकडे जेवायला पुन्हा कुणाला पाठवलं नाही. ग्रुपमधून त्यांना काढून टाकण्यात आलं. स्टँडमधली नेहमीची माणसं त्यांना बघून मान फिरवू लागली. वानखडे तरीही थाळी घेऊन येत राहिले. जोडीने शिव्या द्यायला आता शेजारी कुणी नव्हतं, म्हणून ते दोघांच्या वाटच्या एकटेच देत.

सप्टेंबरात सरावाची मॅच खेळायला मॉन्ट्रियलचा संघ आमच्याकडे आला. एतिएन मैदानात उतरला आणि आमच्या स्टँडमधून एकच हुर्यो उठली. वानखड्यांनी चष्मा पुसला.

मॅच शेवटपर्यंत अटीतटीची झाली. अखेर चेंडू आमच्याकडे, थोडंच अंतर बाकी, एवढं कापलं की जिंकलो. सगळं स्टेडियम रिवाजाप्रमाणे चिडीचूप. डग कडेला मुठी आवळून उभा. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात आला, त्याने हात मागे नेला, आणि समोरची भिंत फोडून एतिएन त्याच्या अंगावर कोसळला. चेंडू सुटला, मॅच गेली. हजारो माणसं आ वासून बसलेली.

त्या शांततेत एकदाच थाळी वाजली.

सगळं स्टँड वळून आमच्याकडे बघू लागलं. वानखडे समोर बघत म्हणाले, "चमचा पडला बे हातातून."

चमचा त्यांच्या हातातच होता.

खेळाडू आत जायला लागले तसे ते जिना उतरून कठड्याशी गेले. मीही मागोमाग गेलो, न जाणो कुणी अंगावर आलं तर. एतिएनने त्यांना ओळखलं, हेल्मेट काढलं आणि धावत आला. वानखड्यांनी जॅकेटमधून डबा काढून उघडला. त्यात पेढे होते.

एतिएन बिचकला. "हा खाल्ला तर मी कशाला हो म्हटलं असं होईल?"

"नथिंग, नथिंग. धिस वन इज फ्री," वानखडे म्हणाले. "फर्स्ट कॉल युवर मदर. देन ईट."

पोरगा हसला. त्याने पेढा तोंडात टाकला आणि कठड्यावरून वाकून त्यांना असं कवटाळलं की माकडटोपी खाली पडली. लोक बघत होते, बघू देत. मला त्या क्षणी या माणसाचा फार अभिमान वाटला.

परतीच्या गाडीत वानखड्यांनी फोन काढला. नेहमीप्रमाणे ह्यूस्टनचा नंबर लावला, नेहमीप्रमाणे बीप वाजला. आता मला तो बीप ऐकू येतो. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. आता पहिल्या चेंडूपासूनचा वृत्तांत सुरू होणार, अशी माझी खात्री होती.

"निखिल, बाबा बोलून राह्यलो," ते म्हणाले आणि थांबले. मग आवाज जरा खाली आला.

"मॅचचं जाऊ दे आज. जेवला काय बेटा?"