चौकटीत कोण आलं, कोण गेलं

आमच्या प्रोग्रामरला शनिवारची सुट्टी हवी होती, आणि सुट्टीच्या आड एक चौकट येत होती.

चौकट म्हणजे दवाखान्याच्या पडद्यावरची. बाहेर बसलेल्या पेशंटांची नावं तिच्यात दिसणार. आत एखादं नाव वाढलं की चौकटीनं आपलं आपण ओळखायचं, निघून गेलं की तेही ओळखायचं, आणि तसं जाहीर करायचं. चौकट चालली तर सुट्टी, असं साहेबांनी बजावलं होतं. सुट्टी सासूबाईंना आणायला हवी होती. मागच्या खेपेला हा विसरला आणि त्या बिचाऱ्या स्टँडवर दोन तास बसून राहिल्या. आता पुन्हा चुकला असता तर घरात त्याची धडगत नव्हती.

शुक्रवारी दुपारी त्यानं साहेबांसमोर एक नाव घातलं. 'एक जण आला,' असं चौकटीत उमटलं. लगेच खाली पुन्हा, 'एक जण आला.' मग ती थांबेचना. दोन मिनिटांत एका पेशंटाचे चारशे झाले आणि कॉम्प्युटरनं मान टाकली. साहेब घड्याळाकडे बघत राहिले.

प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरबाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "ही सूचना तुम्ही लिहिता कुठे?"

"चौकटीतच. दुसरीकडे कुठे लिहिणार?"

"मग तीसुद्धा आत आलेलीच की. चौकट तिलाही मोजतेय."

त्यानं कपाळाला हात लावला. पंधरा दिवस डोळ्यांत तेल घालून बसला होता, आणि चूक निघाली ती ही. सूचना उचलून चौकटीबाहेर ठेवली, तीन ओळींचं काम. नाव आलं, चौकट एकदा बोलली. नाव गेलं, एकदा बोलली आणि गप्प बसली. साहेबांनी सुस्कारा टाकून सुट्टी मंजूर केली.

संध्याकाळी पाय ओढत तो घरी पोहोचला आणि टेबलाशी बसला. समोर चहा आला.

"मिळाली एकदाची सुट्टी," तो समोरच बसलेल्या बायकोला म्हणाला. "उद्या सकाळीच निघतो आणि आईंना घेऊन येतो."

बायको त्याच्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघत होती.

"बुधवारपासून इथंच आहे मी, जावईबापू," मागून आवाज आला. "रोज सकाळी माझ्याच हातचा चहा पिताय. काल तर म्हणालात, साखर कमी घाल गं."

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "सुट्टी आहेच, तर उद्या मला स्टँडवर सोडायला चला. मी आलेली कळलं नाही, गेलेली तरी कळू दे."